समांतर सर्किट: व्होल्टेज कुठे सारखं राहतं आणि करंट कुठे एकत्र येतो

नववीच्या विज्ञानात रोधांची समांतर जोडणी शिकवतात तेव्हा दोन वाक्यं बहुतेकांची पाठ होतात. समांतर जोडणीत प्रत्येक रोधाच्या टोकांमधलं विभवांतर (व्होल्टेज) समान असतं, आणि एकूण विद्युतधारा (करंट) ही सगळ्या शाखांमधल्या धारांची बेरीज असते. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण नुसती पाठ केली तर घरातला गिझर सुरू झाल्यावर पंखा मंद का होतो, किंवा एक्स्टेंशन बोर्डची वायर गरम का लागते, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर दडलेलं असतं शाखा फुटण्याआधीच्या वायरीत. सगळ्यांचा करंट तिच्यातूनच येतो आणि पुस्तकातल्या आकृतीत तिचा रोध शून्य धरलेला असतो.

हा लेख इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकणाऱ्यांसाठी, आयटीआयला नुकत्याच लागलेल्यांसाठी आणि घरातलं वायरिंग नीट समजून घ्यायची इच्छा असलेल्यांसाठी आहे. आधी टेबलावर सेलवर चालणारं सर्किट जोडून मोजमापं घेऊ, मग तेच आकडे घेऊन घराच्या बोर्डाकडे जाऊ. इथले सगळे प्रयोग ६ व्होल्टवर करायचे आहेत. २३० व्होल्टच्या वायरीला मल्टिमीटर लावून करंट मोजायचा प्रयत्न करू नका. त्यात जीव जाऊ शकतो, आणि त्यासाठी लागणारं मीटरही वेगळं असतं.

सामान काय लागेल

चार पेन्सिल सेल आणि ते बसवायचा होल्डर, एक ब्रेडबोर्ड (भोकांमध्ये पाय खोचून सर्किट जोडायचा बोर्ड), थोड्या जंपर वायरी, दोन क्रोकोडाइल क्लिप, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि पाव वॅटचे चार रेझिस्टर: ४७० ओहम, १ किलोओहम, २.२ किलोओहम आणि १०० ओहम. सोबत एक लाल आणि एक पांढरा एलईडी घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. इतरत्र ऑनलाइन मागवता येतं.

रेझिस्टर रंगावरून ओळखा. ४७० ओहम म्हणजे पिवळा-जांभळा-तपकिरी, १ किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-लाल, २.२ किलोओहमवर तिन्ही पट्टे लाल आणि १०० ओहमवर तपकिरी-काळा-तपकिरी. शेवटचा सोनेरी पट्टा असेल तर लिहिलेल्या किमतीत ५ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. पुढे तुमचे आकडे माझ्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत, त्याचं मुख्य कारण हेच. सेल नवे असतील तर होल्डरवर ६ ऐवजी ६.२ किंवा ६.३ व्होल्टही दिसतील. मी हिशोब ६ व्होल्टवर केला आहे.

जोडणी आणि पहिलं मोजमाप

ब्रेडबोर्डच्या कडेला लाल आणि निळी रेघ असलेल्या दोन लांब पट्ट्या असतात. होल्डरची लाल वायर लाल पट्टीत आणि काळी वायर निळ्या पट्टीत खोचा. आता ४७० ओहम, १ किलोओहम आणि २.२ किलोओहम या तिघांचेही एक-एक पाय लाल पट्टीत आणि दुसरे पाय निळ्या पट्टीत बसवा. झाली समांतर जोडणी. प्रत्येक रेझिस्टरचं एक टोक लाल पट्टीशी आणि दुसरं निळ्या पट्टीशी जोडलेलं आहे, म्हणजे तिघांची दोन्ही टोकं सामायिक आहेत. समांतर जोडणीची ओळख एवढीच. रेझिस्टर शेजारी-शेजारी दिसतात की लांब-लांब, याला काहीही महत्त्व नाही.

एक गोष्ट तपासून घ्या. मोठ्या ब्रेडबोर्डवर या लांब पट्ट्या कधी कधी मधोमध तुटलेल्या असतात. रेघ जिथे थांबते तिथे आतला पत्राही थांबतो. एक रेझिस्टर पट्टीच्या त्या अर्ध्या भागात गेला तर तो सर्किटमध्ये नाहीच. नवख्यांचा पहिला तास यात जातो.

मल्टिमीटरची काळी पिन कॉम लिहिलेल्या भोकात, लाल पिन व्होल्ट-ओहमच्या भोकात आणि चकती डीसी व्होल्टच्या २० वर. आता प्रोबची टोकं आधी ४७० ओहमच्या दोन पायांना लावा, मग १ किलोओहमच्या, मग २.२ किलोओहमच्या. तिन्ही वेळा आकडा तोच येईल, ६ च्या आसपास. कारण साधं आहे: तुम्ही तीन वेगवेगळ्या वस्तू मोजताय असं वाटत असलं तरी दर वेळी लाल पट्टी आणि निळी पट्टी या दोनच जागांमधला फरक मोजताय. व्होल्टेज हे नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. बिंदू तेच, तर आकडाही तोच. समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं असण्यामागे यापेक्षा गूढ काही नाही.

करंट मोजताना तार उघडावी लागते

व्होल्टेज मोजताना मीटर बाहेरून लावलं. करंट मोजायचा तर तो मीटरमधून जायला हवा, म्हणून वाट तोडून मीटर मधे घालावं लागतं. चकती डीसी अँपिअरच्या २०० मिलिअँपिअर रेंजवर न्या. १ किलोओहमचा जो पाय लाल पट्टीत आहे तो उपसून मधल्या एका मोकळ्या ओळीत खोचा (अशा ओळीतली भोकं आतून जोडलेली असतात). मीटरची लाल प्रोब क्रोकोडाइल क्लिप आणि जंपर लावून लाल पट्टीला, काळी प्रोब त्या उपसलेल्या पायाला जोडा. आकडा साधारण ६.० मिलिअँपिअर येईल. ६ व्होल्ट भागिले १००० ओहम. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम तुमच्या समोर आहे.

पाय परत लाल पट्टीत घाला आणि हेच बाकी दोघांबाबत करा. २.२ किलोओहममधून सुमारे २.७ आणि ४७० ओहममधून सुमारे १२.८ मिलिअँपिअर. जिथे रोध कमी तिथे करंट जास्त. 'करंट सगळ्यात सोपी वाट पकडतो' असं बरेच जण सांगतात; ते अर्धवट आहे आणि धोकादायकही आहे. करंट सगळ्या वाटांनी जातो, रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जाऊन. २.२ किलोओहमची वाट अवघड आहे म्हणून ती रिकामी राहिलेली नाही. शॉक लागतो तेव्हा माणसाचं शरीर हीही एक समांतर शाखाच असते, आणि तिचा रोध जास्त असला तरी तिच्या वाट्याचा करंट तिच्यातून जातोच.

आता एकूण करंट. तिन्ही पाय लाल पट्टीत ठेवा आणि होल्डरची लाल वायर पट्टीतून उपसून तिच्या आणि पट्टीच्या मधे मीटर घाला, लाल प्रोब होल्डरच्या बाजूला. आकडा येईल २१.५ मिलिअँपिअरच्या आसपास. कागदावर बेरीज करा: ६.०, २.७ आणि १२.८. जुळते.

चकती २० मिलिअँपिअरवर ठेवून हेच मोजलंत तर साध्या मीटरच्या पडद्यावर डाव्या कडेला नुसता १ दिसेल. मीटर बिघडलेलं नाही. तीन शाखा वेगवेगळ्या मोजायला हीच रेंज पुरली असती, पण बेरीज तिच्या बाहेर गेली. या क्षणी थोडं थांबा. प्रत्येक शाखा मर्यादेत आहे आणि तरीही सामायिक वायर मर्यादेबाहेर आहे, ही परिस्थिती पुढे एक्स्टेंशन बोर्डवर जशीच्या तशी भेटणार आहे.

करंट मोजून झाला की चकती ताबडतोब परत व्होल्टवर आणायची सवय लावा. करंटच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो. तसंच ते सेलच्या दोन टोकांना लावलं तर तीही एक समांतर शाखा होते, जवळजवळ शून्य ओहमची, आणि मीटरचा फ्यूज उडतो.

एखाद्या जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच तिथून बाहेर पडतो, हा नियम गुस्ताव्ह किर्खहॉफने १८४५ मध्ये मांडला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत होता. तुम्ही आत्ता लाल पट्टीवर जी बेरीज केलीत तो तोच नियम.

रेझिस्टर वाढवला आणि रोध घटला

६ व्होल्टला २१.५ मिलिअँपिअरने भागलं तर साधारण २७९ ओहम येतात. म्हणजे सेलला तिन्ही रेझिस्टर मिळून २७९ ओहमच्या एकाच रेझिस्टरसारखे भासतात, आणि हा आकडा तिघांतल्या सर्वात लहान ४७० पेक्षाही कमी आहे. एक वाट वाढली, व्होल्टेज तेच राहिलं, एकूण करंट वाढला. मग भागाकार घटणारच.

सूत्र असं: प्रत्येक रोधाचा व्यस्त घ्या, त्यांची बेरीज करा आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्या. दोनच रोध असतील तर गुणाकार भागिले बेरीज. सारखेच रोध असतील तर एकाची किंमत भागिले संख्या. पण व्यवहारात मी सुचवेन की सूत्राच्या मागे लागण्याआधी शाखांचे करंट काढा आणि बेरीज करा. चूक कमी होते आणि काय चाललं आहे ते डोळ्यांसमोर राहतं. उत्तर सर्वात लहान रोधापेक्षा मोठं आलं तर हिशोब चुकला आहे, हे पुन्हा न तपासताही सांगता येतं.

मीटरच्या ओहम रेंजवरही हे पडताळता येईल. फक्त आधी सेलच्या दोन्ही वायरी काढा. सर्किटमध्ये सेल असताना रोध मोजला तर आकडा खोटा येतो.

आता एक रेझिस्टर पूर्ण काढून टाका आणि बाकीच्यांचे करंट पुन्हा मोजा. बदललेले नसतील. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून बाहेरच्या खोलीतला जात नाही, तो यामुळे. जुन्या छोट्या बल्बच्या दिवाळीच्या माळा एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडलेल्या असत, म्हणून एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात.

थॉमस एडिसनचं पर्ल स्ट्रीट केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, तोवर रस्त्यावरचे आर्क दिवे सहसा एकसर जोडले जात. घराघरात प्रत्येकाला आपला दिवा आपल्या मर्जीने लावता-विझवता यायला हवा असेल तर जोडणी समांतर हवी, आणि समांतर केली की सगळ्या दिव्यांचा करंट मुख्य तारेत एकत्र येणार. तो मोठा झाला तर तांब्याची तार मनगटाएवढी जाड लागेल आणि परवडणार नाही. म्हणून एडिसनने दिव्याच्या तंतूचा रोध मुद्दाम जास्त ठेवला, म्हणजे प्रत्येक दिवा करंट कमी घेईल. दिव्याची रचना सामायिक तारेच्या खर्चावरून ठरली.

सामायिक वायरीचा रोध दाखवणारा प्रयोग

या लेखातला एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. होल्डरची लाल वायर थेट पट्टीत न घालता मधे १०० ओहमचा रेझिस्टर घाला: होल्डरची वायर एका मोकळ्या ओळीत, त्याच ओळीत १०० ओहमचा एक पाय आणि त्याचा दुसरा पाय लाल पट्टीत. हा रेझिस्टर आपल्यासाठी लांब, बारीक वायरीचं काम करेल.

पट्ट्यांमध्ये आधी फक्त १ किलोओहम ठेवा आणि त्याच्या टोकांमधलं व्होल्टेज मोजा. सुमारे ५.४५ व्होल्ट. आता २.२ किलोओहम समांतर लावा. १ किलोओहमवरचं व्होल्टेज ५.२४ पर्यंत उतरतं. मग ४७० ओहम लावा, ४.४२. १ किलोओहमला तुम्ही हातही लावला नाही, तरी त्याचं व्होल्टेज एका व्होल्टहून जास्त पडलं आणि त्याचा करंटही ५.४५ वरून ४.४२ मिलिअँपिअरवर आला.

मग समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं असतं हा नियम मोडला का? तिन्ही रेझिस्टरवर मोजून बघा, तिघांवरही ४.४२ च आहे. नियम शाबूत आहे. तो फक्त एवढंच सांगतो की एकमेकांना समांतर असलेल्या शाखांवर व्होल्टेज सारखं असेल. ते सेलच्या व्होल्टेजइतकंच असेल, असं तो सांगत नाही. सेलपासून पट्टीपर्यंतची वाट सगळ्या शाखांना एकसर आहे. तिच्यातून बेरजेचा करंट जातो, आणि बेरीज जितकी मोठी तितकं व्होल्टेज त्या वाटेतच खर्ची पडतं.

घरात हीच वाट म्हणजे डीपीपासून (परिसरातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या विजेच्या मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि तिथून बोर्डापर्यंतचं वायरिंग. समजा या सगळ्याचा जाऊन-येऊन रोध २ ओहम आहे. २००० वॅटच्या गिझरचा रोध साधारण २६.५ ओहम. गिझर लावला की २३० पैकी सुमारे १६ व्होल्ट वाटेत जातात आणि घरातल्या बाकी सगळ्यांना २१४ मिळतात. पंखा किंचित मंदावतो. एलईडी बल्बमधलं सर्किट हा फरक सांभाळून घेतं, म्हणून हल्ली दिव्यांवरून हे कळत नाही. जुना तंतूचा बल्ब लगेच सांगायचा. डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटाला असलेल्या वस्तीवर आसपासचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं त्याचं कारणही हेच, फक्त वाट जास्त लांब आणि बेरीज जास्त मोठी.

एलईडीबाबत होणारी चूक

१०० ओहम काढून टाका. आता लाल आणि पांढरा एलईडी समांतर जोडायचे आहेत. रेझिस्टर वाचवायला बरेच जण दोन्ही एलईडी एकमेकांना समांतर लावून दोघांमागे मिळून एकच ४७० ओहमचा रेझिस्टर लावतात. लावून बघा. लाल पेटेल, पांढरा पेटणार नाही. लाल उपसून काढा. पांढरा लगेच पेटेल.

लाल एलईडी पेटल्यावर त्याच्या टोकांमध्ये साधारण २ व्होल्ट राहतात. पांढऱ्याला पेटायला ३ च्या आसपास लागतात. दोघे समांतर आहेत, म्हणजे व्होल्टेज दोघांवर सारखंच असणार, आणि लाल ते २ च्या फार वर जाऊ देत नाही. उपाय: प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, आणि रेझिस्टरसह असलेली ही शाखा समांतर लावायची. एकाच रंगाचे एलईडी असले तरी हेच करा. एकाच पाकिटातल्या एलईडींमध्येही थोडा फरक असतो आणि एक जण जास्त करंट ओढतो.

घरातला हिशोब

घरात प्रत्येक उपकरण फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्या मधे समांतर असतं. उपकरणाचा करंट काढायला त्याच्या पट्टीवर लिहिलेले वॅट २३० ने भागा. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर, १५०० वॅटची किटली ६.५, ७५० वॅटचा टोस्टर ३.३. पंखा किंवा मिक्सरसारख्या मोटरच्या वस्तूंचा खरा करंट या भागाकारापेक्षा थोडा जास्त असतो आणि सुरू होताना क्षणभर बराच जास्त.

सकाळच्या घाईत किटली, टोस्टर आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लागली असं समजा. बेरीज १४ अँपिअरच्या वर. बोर्डची पिन ६ अँपिअरची. टोस्टर मर्यादेत आहे, इस्त्री मर्यादेत आहे, किटली जेमतेम बाहेर. पण बोर्डच्या एकाच वायरीतून दुपटीहून जास्त करंट चालला आहे. मीटरवर दिसलेला तो नुसता १ आठवत असेल तर ही तीच स्थिती, फक्त इथे पडदा नाही.

वायरीत किती उष्णता होते ते बघा. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची, ४ मीटर लांब वायर घेतली तर जाण्याची आणि येण्याची मिळून तिचा रोध जेमतेम ०.१८ ओहम. ६ अँपिअरला तिच्यात साडेसहा वॅट उष्णता होते. १४ अँपिअरला ३६ वॅट. करंट सव्वादोनपटीच्या थोडा वर गेला, उष्णता साडेपाचपट झाली, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही. सैल सॉकेट याहून वाईट. गिझरच्या प्लगमधला संपर्क ढिला होऊन तिथे अर्धा ओहम रोध आला, तर सुमारे ३६ वॅट त्या एका ठिपक्यावर तापतात. सोल्डरिंगची साधी आयर्न २५ वॅटची असते आणि ती धातू वितळवते. सॉकेट पिवळं पडलं, जळका वास आला किंवा प्लग हाताला गरम लागला तर ते सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्या.

'जास्त झालं तर एमसीबी पडेल की' असं वाटणं साहजिक आहे. एमसीबी म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. भिंतीतल्या त्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर १४ अँपिअरला तो पडणार नाही, आणि त्याची चूकही नाही. तो भिंतीतल्या वायरीच्या जाडीकडे बघून निवडलेला असतो. तुम्ही बाहेरून जोडलेल्या बारीक वायरीबद्दल त्याला काही माहीत नसतं. म्हणून गरम करणारी कुठलीही वस्तू, म्हणजे इस्त्री, किटली, हीटर, इंडक्शन, एक्स्टेंशनवर लावू नका. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, आणि मोठी वस्तू १६ अँपिअरच्या सॉकेटला. मल्टीप्लगमध्ये आणखी एक मल्टीप्लग लावला तर शाखा वाढतात. मूळ पिन तीच राहते.

घरातली बेरीज एकाही वायरीला हात न लावता बघता येते. विजेच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर ३२०० असतं. घरातलं जमेल तेवढं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा दोन मिनिटं. १००० वॅटची इस्त्री लावा आणि तिचा दिवा चालू असतानाच मिनिटभर मोजा: साधारण ५३ लुकलुक. सोबत २००० वॅटचा गिझर लावा: १६० च्या आसपास. दिवा मोजतो वॅट, पण व्होल्टेज सगळ्यांना जवळपास सारखंच असल्यामुळे वॅटची बेरीज ही करंटचीच बेरीज असते. लहान मुलांना समांतर जोडणी दाखवायला यापेक्षा चांगला आणि सुरक्षित प्रयोग मला माहीत नाही.

सेल आणि बॅटऱ्या समांतर लावताना

इन्व्हर्टरला १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर लावल्या तर व्होल्टेज १२ च राहतं आणि साठा ३०० अँपिअर-तास होतो. दोन्ही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या हव्यात. एक जुनी-एक नवी लावली तर जास्त व्होल्टेजची बॅटरी कमी व्होल्टेजच्या बॅटरीत करंट ढकलत राहते, आणि आतला रोध अगदी कमी असल्यामुळे थोड्या फरकानेही तो करंट मोठा होतो. इन्व्हर्टरची धन वायर एका बॅटरीला आणि ऋण वायर दुसऱ्या बॅटरीला जोडावी. दोन्ही वायरी एकाच बॅटरीला लावल्या तर दुसरीच्या वाटेत जोडवायरीचा रोध जास्तीचा येतो आणि पहिलीवर भार जास्त पडतो.

बिघाड शोधताना

एकच दिवा किंवा एकच सॉकेट बंद असेल तर बिघाड त्या शाखेत आहे. एका खोलीतलं सगळं बंद असेल तर त्या खोलीला येणाऱ्या वायरीत किंवा एमसीबीत. घरभर सगळं मंद असेल आणि मोठी वस्तू लावली की आणखी मंद होत असेल, तर सामायिक वाटेत कुठेतरी जोड सैल आहे किंवा बाहेरूनच व्होल्टेज कमी येतंय. शेजाऱ्यांकडे विचारलं की दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

चौथी लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखता आलीच पाहिजेत: घरातल्या काही वस्तू अचानक मंद, त्याच वेळी काही नेहमीपेक्षा प्रखर, किंवा तुमच्याकडे मंद आणि शेजारी प्रखर. याचा अर्थ बहुधा थ्री फेज लाइनचा, म्हणजे तीन फेज वायरींना मिळून असलेला, सामायिक न्यूट्रल तुटला आहे. न्यूट्रल गेला की दोन वेगळ्या फेजवरच्या वस्तू आपापल्या फेज आणि न्यूट्रलच्या मधे राहत नाहीत. त्या दोन फेजच्या मधे, म्हणजे सुमारे ४०० व्होल्टवर, एकसर जोडल्या जातात. एका फेजवर १००० वॅटची इस्त्री, रोध ५३ ओहम, आणि दुसऱ्या फेजवर १०० वॅटचा बल्ब, रोध ५२९ ओहम, एवढंच असेल तर ४०० पैकी ३६० हून जास्त व्होल्ट बल्बवर येतात. कमी वीज घेणारी वस्तू आधी जळते, त्यामुळे टीव्ही, राउटर, चार्जर यांचा बळी जातो. अशा वेळी एक-एक स्विच बंद करत बसू नका. प्रत्येक वस्तू बंद केली की उरलेल्यांवरचं व्होल्टेज बदलतं. थेट मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा आणि वीज कार्यालयाला कळवा. न्यूट्रल जोडल्यावर वायरमनकडून फेज-न्यूट्रल व्होल्टेज २३० च्या आसपास असल्याची खात्री करून घ्या, मगच मेन वर करा.